जखमेवरून दात ओळखताना

१९७०च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या काही पाणबुड्या मोहीम अर्धवट सोडून बंदरात परत आल्या. पाणबुडीला समुद्रात 'ऐकू' येतं ते सोनारमुळे. त्या सोनारच्या घुमटावर रबरासारख्या निओप्रीनचं आवरण होतं आणि आत ध्वनी वाहून नेणारं तेल. आवरणाला गोल भोकं पडली होती, तेल गळत होतं आणि पाणबुडी बहिरी होत होती. शीतयुद्धाचे दिवस होते, त्यामुळे शत्रूने काही नवं शस्त्र काढलं असावं अशी शंका आधी आली. तपासाअंती गुन्हेगार निघाला फूट-दीड फूट लांबीचा एक मासा. नौदलाने घुमटांवर फायबरग्लास चढवलं आणि प्रश्न मिटवला. पुढे १९८०च्या दशकात त्याच माशाने पाणबुड्यांच्या रबर गुंडाळलेल्या केबल्सही कुरतडल्या.

हा मासा म्हणजे कुकीकटर शार्क. नर जास्तीत जास्त ४२ सेंटिमीटरचा, मादी ५६ सेंटिमीटरची. कोकणात बाजारात मिळणारी मुशी किंवा मोरी पाहिली असेल तर लहान शार्कचा आकार तुम्हाला माहीतच आहे. फक्त ही त्यांच्यासारखी किनाऱ्याजवळची नाही. ही दिवसा खोल अंधारात असते, अगदी साडेतीन किलोमीटरहून खोल, आणि रात्री पृष्ठभागाकडे वर येते.

तिच्या शेजारी आता इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन ठेवा. तीन मीटर लांब, सत्तर किलोच्या आसपास वजन, हरणं, डुकरं, अगदी म्हशीसुद्धा खाणारी जगातली सर्वांत मोठी पाल. एक जमिनीवर, एक खोल समुद्रात. एक सरडा-पालींच्या कुळातला, एक मासा. यांची तुलना म्हणजे 'सिंह जिंकेल की मगर' छापाच्या व्हिडिओंचा प्रकार वाटेल. पण मला त्यांची कुस्ती लावायची नाही. या दोघांना माणसाने कसं ओळखलं, याचे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचायचे आहेत. दोघेही आधी माणसाला कळले ते त्यांच्या चाव्यावरून किंवा त्यांच्याबद्दलच्या गोष्टींवरून. आणि दोघांच्याही बाबतीत एक छान जुळणारं स्पष्टीकरण अनेक वर्षं कुणी नीट तपासलं नाही.

शार्कपासून सुरुवात करू, कारण कागदावर ती आधी आली. १८१७ ते १८२०मध्ये 'उरानी' नावाचं फ्रेंच जहाज जगाच्या प्रदक्षिणेवर होतं. परतीच्या वाटेवर फॉकलंड बेटांपाशी ते फुटलं आणि गोळा केलेले बरेच नमुने गेले. जे वाचलं त्यावर कोय आणि गेमार या दोघा निसर्गअभ्यासकांनी लिहिलं, आणि १८२४मध्ये या शार्कला पहिलं शास्त्रीय नाव मिळालं. ब्राझीलजवळ सापडली म्हणून 'ब्रासिलिएन्सिस'. पुढे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर गिल याने तिच्यासाठी 'इसिस्टियस' हा वंश केला. त्यात इजिप्तची देवी इसिस आहे, कारण ही शार्क उजेड पाडते.

तो उजेड व्हेलच्या शिकारीवर निघालेल्या एका जहाजावर नोंदवला गेला. फ्रेडरिक बेनेट नावाचा इंग्रज डॉक्टर १८३३ ते १८३६ 'टस्कन' जहाजावर होता. जाळ्यात आलेली अशी शार्क त्याने अंधाऱ्या खोलीत नेली, तेव्हा तिच्या पोटाकडून हिरवट प्रकाश येत होता. मेल्यावरही काही तास तो टिकला. १८४०च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने हे सविस्तर लिहिलं. मला यातली गंमत अशी वाटते की हे जहाज व्हेल मारणारं होतं. अशा जहाजांवर सोलल्या जाणाऱ्या व्हेलच्या कातडीवर गोल खळगे दिसणं अगदी नेहमीचं. शार्क एका हातात आणि खळगा दुसऱ्या, पण दोन्हीची गाठ घालायला आणखी १३० वर्षं जावी लागली.

खळगे म्हणजे काय ते सांगतो. पुरीसाठी मोठी पोळी लाटून वाटीने गोल कापतात ना, तशी जखम. साधारण पाच सेंटिमीटर व्यासाची, कधी सात सेंटिमीटरपर्यंत खोल, कडा स्वच्छ. टूना, मार्लिन, डॉल्फिन, व्हेल, सील, सगळ्यांच्या अंगावर. आइस्क्रीम काढायच्या चमच्याने कुणीतरी मांस उचललं असावं असं वाटतं. शास्त्रज्ञांनी यावर जीवाणू, परजीवी, लॅम्प्रे नावाचे चिकटणारे मासे असे बरेच अंदाज केले होते. सामोआतल्या पालाउली उपसागराच्या लोकांचं स्पष्टीकरण मात्र जास्त देखणं होतं. उपसागरात येणारे टूना मासे आपल्या मांसाचा एक घास तौतुनू या प्रमुखाला अर्पण करून जातात, अशी त्यांची आख्यायिका.

उत्तर १९७१मध्ये आलं. हवाईतल्या मत्स्यसंशोधन खात्यात काम करणाऱ्या एव्हरेट जोन्स याने या शार्कचे दात, जबडा आणि खळग्यांचा आकार जुळवून दाखवला. रीत अशी: शार्कचे ओठ मांसल असतात, ते सावजाच्या अंगाला चिकटतात, तोंडात पोकळी तयार होते आणि ओढ बसते. वरचे बारीक दात नांगरासारखे रुततात. खालचे पंचवीस-तीस दात मोठे, त्रिकोणी, एकमेकांना जोडून बसलेले. शार्क स्वतःभोवती गिरकी घेते आणि खालची ही करवत गोल फिरते. घास सुटतो, सावज पळून जातं, जगतंही. शार्कतज्ज्ञ स्टुअर्ट स्प्रिंगर याने तिला आधी 'व्हेलला चावणारा राक्षस' अशा अर्थाचं नाव दिलं होतं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते त्यानेच प्रचलित केलेलं 'कुकीकटर', बिस्किटाचा साचा.

आता ड्रॅगन. त्याची गोष्ट उलट दिशेने घडली: शार्कचं नाव होतं आणि जखमेला धनी नव्हता, इथे दंतकथा होती आणि प्राण्याला नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणजे युरोपीय यादीत नव्हतं. कोमोडो बेटावरचे लोक त्याला 'ओरा' म्हणतच होते. आसपासच्या बेटांवर त्याला 'बुआया दारात', म्हणजे जमिनीवरची मगर असंही म्हणत. (आजच्या इंडोनेशियन बोलीत 'बुआया दारात' म्हणजे बायकांना फसवत फिरणारा माणूस. भाषा कुठून कुठे जाते.)

१९१०च्या सुमारास फ्लोरेस बेटावर डच प्रशासनाचा लेफ्टनंट व्हान स्टेन व्हान हेन्सब्रूक होता. मोत्यांच्या धंद्यातल्या दोघांनी त्याला सांगितलं की त्यांनी सहा-सात मीटरची जमिनीवरची मगर पाहिली आहे. तो कोमोडोवर गेला, एक जनावर मारलं आणि फोटो व कातडं जावातल्या बाउटेनझॉर्गच्या (आजचं बोगोर) प्राणिशास्त्रीय संग्रहालयाचे प्रमुख पीटर ओवेन्स यांच्याकडे पाठवलं. हे जनावर दोन मीटरच्या थोडंच वर होतं. ओवेन्सनी मग आपला माणूस पाठवून आणखी नमुने मिळवले, त्यात सर्वांत मोठा तीन मीटरच्या जरा वर भरला. म्हणजे मोजपट्टी लागल्याबरोबर मगर अर्ध्यावर आली. १९१२मध्ये ओवेन्सनी 'वॅरानस कोमोडोएन्सिस' हे नाव देऊन शोधनिबंध छापला.

वॅरानस हा वंश आपल्या ओळखीचा आहे. आपली घोरपड त्याच वंशातली. सिंहगडावर तानाजीने चढवल्याची आख्यायिका जिच्याभोवती आहे ती यशवंती म्हणजे ड्रॅगनची चुलतबहीणच म्हणायची. दुभंगलेली जीभ बाहेर काढून हवेतला वास गोळा करायचा ही सवयही दोघांची सारखी. ऑस्ट्रेलियात सापडलेल्या जीवाश्मांवरून दिसतं की कोमोडो ड्रॅगनचे पूर्वज तिथे सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी होते, म्हणजे बेटावर अडकून तो मोठा झाला ही जुनी समजूतही टिकत नाही. तो आधीपासूनच मोठा होता.

शोध लागल्यापासून तीन वर्षांत, १९१५मध्ये त्याला संरक्षण मिळालं. आणि १९२६मध्ये त्याला मिळाली प्रसिद्धी. डग्लस बर्डन हा श्रीमंत अमेरिकन तरुण न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी मोहीम घेऊन कोमोडोला गेला. सोबत बायको कॅथरीन, एक सरीसृपतज्ज्ञ, एक फ्रेंच शिकारी. परत येताना बारा मेलेले आणि दोन जिवंत नमुने आणले. जिवंत होते ते ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि फार काळ टिकले नाहीत. 'कोमोडो ड्रॅगन' हे नाव रूढ झालं ते बर्डनमुळे. त्याचा मित्र मेरियन कूपर याने या मोहिमेच्या गोष्टी ऐकल्या. दूरचं बेट, प्राचीन जनावर, मोहिमेतली एकटी स्त्री, शहरात आणल्यावर जनावराचा अंत. १९३३मध्ये त्यातून 'किंग काँग' आला. पालीच्या जागी गोरिला.

साधारण त्याच काळात लंडनमध्ये वेगळंच चाललं होतं. तिथल्या प्राणिसंग्रहालयाची सरीसृप विभागप्रमुख जोन प्रॉक्टर हिच्याकडे १९२७मध्ये दोन ड्रॅगन आले. ती त्यांना हाताने खायला घाली, कुरवाळी, आणि 'सुम्बावा' नावाच्या ड्रॅगनला विद्वानांच्या सभेतही घेऊन गेली. त्या सभेचं चित्र मला 'किंग काँग'पेक्षा जास्त आवडतं. पण सिनेमा कूपरच्या गोष्टीचा निघतो, प्रॉक्टरच्या नाही.

१९६९ साली वॉल्टर ऑफेनबर्ग बायकामुलांसह कोमोडोवर राहायला गेला आणि अकरा महिने राहिला. त्याचं १९८१चं पुस्तक आजही या विषयाचा पाया आहे. त्याने पाहिलं की ड्रॅगन म्हशीला पायाला चावतो, म्हैस निसटते, जखम चिघळते, काही दिवसांनी म्हैस मरते. लाळेत त्याला जीवाणू सापडले. त्यावरून कल्पना आली: ड्रॅगनचं तोंड घाणेरडं असतं, जीवाणू हेच त्याचं शस्त्र, तो चावतो आणि वाट पाहतो.

ही कल्पना इतकी चपखल होती की पुढची तीसेक वर्षं प्रत्येक माहितीपटात तीच होती. तुमच्याही शाळेतल्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात असेल. २००२मध्ये लाळेत पन्नासहून जास्त जातींचे जीवाणू मोजले गेले, तेव्हा तर पुरावाच मिळाल्यासारखं झालं.

आमच्या धंद्यात याला एक ओळखीचा वास येतो. सर्व्हर पडला, लॉगमध्ये त्याच वेळी एक लाल ओळ दिसली, की सगळे त्या ओळीवर बोट ठेवून घरी जातात. ती ओळ रोज दिसते का, सर्व्हर चालू असतानाही दिसते का, हे कुणी पाहत नाही. ड्रॅगनच्या बाबतीत न विचारलेले प्रश्न दोन होते. इतर मांसाहारी प्राण्यांच्या तोंडात काय असतं? आणि म्हैस त्या बेटांवर आली कुठून?

पहिल्याचं उत्तर २०१३मध्ये आलं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांमधल्या १६ ड्रॅगनच्या तोंडातले जीवाणू तपासले, तर ते कुठल्याही मांसभक्षकाच्या तोंडात असतात तसेच निघाले. शिवाय खाणं झालं की ड्रॅगन बराच वेळ ओठ चाटतो, पालापाचोळ्यावर तोंड घासतो. घाणेरडा म्हणावा असा नाहीच.

दुसऱ्याचं उत्तर जास्त मजेदार आहे. म्हैस माणसाने आणली. जखमी म्हैस काय करते, तर पाण्यात जाऊन बसते. तिथलं पाणी साचलेलं, शेणामुताचं. पायाला खोल जखम घेऊन अशा डबक्यात बसल्यावर चिघळणारच. ऑफेनबर्गने पाहिलं ते खरं होतं. संसर्ग होत होता, म्हशी मरत होत्या. पण संसर्ग बहुधा डबक्यातून येत होता. जे सावज ड्रॅगनच्या मूळ यादीत नव्हतंच, त्याच्यावरून त्याच्या शस्त्राचा सिद्धांत मांडला गेला. हरीण किंवा डुक्कर धरलं तर ते बहुतेक वेळा लवकरच, रक्तस्रावाने मरतं.

हे मांडणाऱ्यांत पुढे होता ब्रायन फ्राय. २००९मध्ये त्याच्या गटाने ड्रॅगनच्या डोक्याचं एमआरआय करून खालच्या जबड्यात विषग्रंथी दाखवल्या. त्यातले घटक रक्त गोठू देत नाहीत आणि रक्तदाब पाडतात. ड्रॅगनचा जबडा मगरीसारखा ताकदवान नाही. तो दात रुतवून मागे ओढतो आणि मांस फाडतो, आणि विष रक्त वाहतं ठेवतं, असं फ्रायचं म्हणणं. काही सरीसृपतज्ज्ञांना हेही पटलेलं नाही. एवढी मोठी जखम झाल्यावर विषाची गरजच काय, असं ते विचारतात. मला हा आक्षेप योग्य वाटतो. ग्रंथी आहे हे सिद्ध झालं; शिकारीत तिचा वाटा किती, हे वेगळं सिद्ध करावं लागेल. एका चपखल गोष्टीच्या जागी घाईने दुसरी बसवायची नाही.

दातांपाशी हे दोन प्राणी खरोखर जवळ येतात. दोघांचेही दात वापरून फेकायचे. पण ड्रॅगन एकेक दात बदलत राहतो आणि त्याच्या दातांच्या धारेवर व टोकावर लोहाचा नारिंगी थर असतो, हे २०२४मध्ये कळलं. म्हणजे पातं टिकावं म्हणून त्याला पोलादी कड. कुकीकटर मात्र खालची अख्खी दंतपंक्ती एकदम टाकते, आणि गिळते. एक दात पडला तर करवतीत फट पडेल आणि गोल कापला जाणार नाही, हे एक कारण सांगतात. गिळण्याचं कारण, कॅल्शियम वाया जाऊ नये. खोल समुद्रात अन्न कमी, तिथे हा हिशोब पटण्यासारखा आहे.

शार्कबद्दलही एक फार सुंदर गोष्ट आहे आणि तिच्याकडे आता संशयाने पाहायची वेळ आली आहे. तिचं पोट उजळतं, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ती आकाशाच्या मंद उजेडात मिसळून जाते. पण गळ्याभोवती एक काळा पट्टा आहे, तो उजळत नाही. १९९८मध्ये एडिथ विडर या संशोधिकेने कल्पना मांडली की तो पट्टा खालून एखाद्या लहान माशाची सावली वाटतो. टूना तो खायला वर येतो आणि स्वतःच घास देऊन बसतो. वाचताच पटते, इतकी छान. पण समुद्रात हे घडताना नीट पाहिलं गेलेलं नाही. त्यात २०२१मध्ये हवाईजवळच्या शार्कच्या पोटातला डीएनए आणि शरीरातली रासायनिक चिन्हं तपासल्यावर दिसलं की त्यांच्या आहारात मोठ्या प्राण्यांचा वाटा थोडाच आहे. बहुतेक खाणं म्हणजे खोल पाण्यातले छोटे मासे, माखल्या आणि कोळंबीसारखे जीव. आपण तिला टूना आणि व्हेलच्या अंगावरून ओळखलं, कारण टूना आणि व्हेल आपल्या हाती येतात. तिने गिळलेली माखली कुणाला जखम दाखवायला येत नाही.

गोष्टी चुकीच्या असल्या की कुणाचं काय बिघडतं? आपल्याकडे घोरपडीचं बिघडतं. नराचं वाळवलेलं जननेंद्रिय 'हाथाजोडी' नावाची दुर्मीळ मुळी म्हणून, पैसा येतो या गोष्टीसह विकलं जातं, ऑनलाइनसुद्धा. वन्यजीव कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण आहे तरीही.

कोमोडोवर बिघडतं ते माणसांचं. तिथल्या लोकांच्या परंपरेत नागराजकन्येला जुळं झालं: मुलगा माणूस, मुलगी ओरा. मुलगा मोठा होऊन शिकारीला गेला, हरणावर हक्क सांगणाऱ्या ड्रॅगनवर त्याने भाला उगारला, तेव्हा आईने सांगितलं की ही तुझी बहीण. तेव्हापासून ओराला मारायचं नाही. १९८०मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९१मध्ये जागतिक वारसा. २०१९मध्ये प्रांताच्या गव्हर्नरने बेट बंद करून तिथल्या सुमारे दोन हजार लोकांना हलवायची घोषणा केली. विरोधानंतर ती मागे घेतली गेली. २०२२मध्ये प्रवेशशुल्क एकदम ३७.५ लाख रुपिया करायचं ठरलं, तेव्हा लाबुआन बाजो बंदरातल्या पर्यटन व्यावसायिकांनी संप केला. त्याच्या आदल्याच वर्षी ड्रॅगनची नोंद 'असुरक्षित'वरून 'धोक्यात' अशी झाली होती. समुद्राची पातळी वाढली तर त्याची सखल राहण्याची जागा जाईल, हे त्यामागचं एक मोठं कारण. बेटावरच्या लोकांना हलवून समुद्र थांबणार नव्हता.

कुकीकटर शार्कला ना उद्यान आहे ना तिकीट. तिची नोंद 'कमीत कमी चिंता' या रकान्यात आहे. २००९च्या मार्चमध्ये हवाईच्या दोन बेटांमधली खाडी रात्री पोहून जाणाऱ्या एकाच्या पोटरीचा तिने घास घेतला. जिवंत माणसाला चावल्याची ती पहिली पक्की नोंद. आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्रात तीन खलाशांच्या हवा भरलेल्या नावेचे फुगे शार्कनी फोडले, तेव्हा भोकांचा आकार पाहून जाणकारांनी हिचंच नाव घेतलं. तिघेही वाचले. एका मालवाहू जहाजाने त्यांना उचललं.